गिअर गेले, चेन सैल पडली

धाकट्या भावाची माउंटन बाइक दोन उन्हाळे गच्चीवर धूळ खात पडली होती. पुढे तीन दातेरी चकऱ्या, मागे सात, म्हणजे 21 गिअर. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर, बरंचसं सपाट. महालातून धरमपेठेत जायला एक गिअर पुरतो. बाकीचे काढायचे ठरवलं.

कोणता गिअर ठेवायचा, हे गणित सोपं आहे. पुढची मधली चकरी 34 दात्यांची, मागे 16 दात्यांचं एकेरी फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरची एकच दातेरी चकरी. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक 2.125 वेळा फिरतं. 26 इंची चाकाचा टायरसकट परीघ साधारण 2.05 मीटर, म्हणून सायकल जवळपास 4.36 मीटर पुढे जाते. मिनिटाला 70 फेरे मारले की ताशी 18 किलोमीटर.

खरी मेख चेनमध्ये आहे. मागचा डिरेलर गिअर बदलतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गिअर बदला न बदला, त्याचं दुसरं काम सतत चालू असतं: स्प्रिंगवर झुलणाऱ्या दोन छोट्या चकऱ्यांनी सैल चेन ओढून धरणं. तो काढला की चेन लोंबते आणि पहिल्याच खड्ड्यात उतरते. दांडीच्या जुन्या सायकलीत मागच्या चाकाचा एक्सल जिथे बसतो ती सांगाड्यातली खाच आडवी असते. चाक मागे ओढा, नट आवळा, काम झालं. या माउंटन बाइकची खाच उभी. चाक मागे सरकणारच नाही.

मग चेनच हवी तेवढी कापावी? तेही जमत नाही. एक कडी 12.7 मिलिमीटरची, आणि अरुंद-रुंद कड्या आलटून पालटून येतात, त्यामुळे चेन दोन-दोन कड्यांनीच कमी होते. एका वेळी 25.4 मिलिमीटर! चेनचे वरचा आणि खालचा असे दोन पदर, म्हणजे चाक 12.7 मिलिमीटर सरकावं लागेल. उपाय दडलाय दात्यांत. एक दाता वाढवला की अर्ध्या कडीएवढी चेन जास्त लागते. चाकाच्या हिशोबानं हा फरक जेमतेम 3.2 मिलिमीटर. हे मला फार सुंदर वाटतं: वेग ठरवणारे दातेच ताणही ठरवतात.

34 आणि 16 ची जोडी नेमकी बसली. चेन मधोमध बोटानं दाबली तर सेंटिमीटरभर हलायची, तेवढी हलायलाच हवी. चकरी अगदी गोल क्वचितच असते, म्हणून पायडल हळू फिरवत, चेन जिथे सर्वांत घट्ट होते तिथे ताण तपासायचा. एकेरी फ्रीव्हील स्पोकांना चिकटून आत बसतं, त्यामुळे चेन तिरकी चालते; म्हणून सायकल मिस्त्रींनी एक्सलचे वायसर इकडचे तिकडे केले आणि स्पोक आवळून चाक पुन्हा मधोमध आणलं.

मग फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सचा चढ आला आणि गुडघे बोलू लागले. मागे 18 दाते घातले तर पायाला जोर सुमारे 11 टक्के कमी लागतो. पण दोन दाते वाढले की चेन बरोबर एक कडी जास्त हवी, आणि एकटी कडी जोडता येत नाही.

"अर्धी कडी टाकू ना भाऊ," मिस्त्री म्हणाले. डब्यातून त्यांनी एक वाकडी कडी काढली, एका टोकाला अरुंद, दुसऱ्या टोकाला रुंद; नाव अर्धी, पण लांबी पूर्ण एका कडीची. साधी रुंद चेन वापरली होती, तिच्यात ती चपखल बसली.

आता 70 फेऱ्यांना ताशी 16 किलोमीटर मिळतात. चढावर उभं राहून पायडल मारतो. चेन अजून एकदाही उतरलेली नाही.