ग्रिपरवरचा आकडा कुठून आला?

माझ्याकडे दोन हँड ग्रिपर आहेत, म्हणजे पकड वाढवायला मुठीत धरून आवळायचे स्प्रिंगचे चिमटे. एक नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेला, काळ्या-नारिंगी प्लास्टिकचा. त्याला फिरवायची चकती आहे आणि तिच्यावर ५ ते ६० किलोचे आकडे. दुसरा अमेरिकेतल्या 'कॅप्टन्स ऑफ क्रश' मालिकेतला नंबर १. त्याचं रेटिंग १४० पौंड, म्हणजे साडेत्रेसष्ट किलो. कागदावर दोघांत साडेतीन किलोचा फरक. प्रत्यक्षात चकती साठवर नेऊन पहिला मी चहा पिता पिता वीसदा मिटवतो, आणि दुसऱ्याची टोकं एकमेकांना टेकवायला मला चार महिने लागले.

जिममधली पोट्टी एकमेकांना विचारतात, "तू किती किलोचा दाबतो बे?" या प्रश्नाला नीट उत्तरच नाही. का नाही, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

हाताची ताकद मोजायचं यंत्र आधी आलं. एद्मे रेन्ये या फ्रेंच कारागिराने १७९८ मध्ये आपल्या डायनॅमोमीटरचं वर्णन प्रसिद्ध केलं. लंबगोल पोलादी स्प्रिंग दोन्ही बाजूंनी आवळायची, की काटा सरकून किती जोर लागला ते दाखवायचा. आज डॉक्टरांकडे आणि फिजिओथेरपीत जे 'जामार' डायनॅमोमीटर दिसतं, ते १९५४ चं. त्याची मूठ पाच जागी बसवता येते, लहान-मोठ्या हातांसाठी. पण आवळताना ती मूठ जवळजवळ हलत नाही. हात एकाच जागी जोर लावतो आणि आकडा मिळतो. ग्रिपरमध्ये दांडी तुमच्या मुठीतून प्रवास करते. ही दोन कामं वेगळी, आणि पुढचा बराच गोंधळ ती एकच समजल्याने झालेला आहे.

व्यायामासाठी स्प्रिंग मुठीत आणणाऱ्यांत युजेन सँडो हा शरीरसौष्ठवपटू आघाडीवर. आपल्याकडे बिनबाह्यांच्या बनियनला आजही त्याचंच नाव आहे. १९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही प्रयोग करून गेला. त्याच्या स्प्रिंग-ग्रिप डंबेलची मूठ उभी चिरलेली असायची आणि दोन फाकांमध्ये छोट्या स्प्रिंगा. हात वर-खाली करताना मूठ सतत आवळून धरायची. कठीण करायचं तर स्प्रिंगा वाढवायच्या. म्हणजे तेव्हाचं माप किलोत नव्हतं, स्प्रिंगांच्या संख्येत होतं. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. पाच स्प्रिंगा म्हणजे पाच स्प्रिंगा, त्यात कुणी फुगवून सांगायला जागा नाही.

नागपुरात याच काळात आखाडे भरात होते, आणि तिथे ग्रिपर नावाची वस्तू कुणाला लागलीच नाही. मल्लखांबावर, दोरीवर लटकायचं, मुद्गल फिरवायचे, दगडी नाल उचलायचा, फावड्याने माती खोदून हौदा मोकळा करायचा, आणि समोरच्याचं घामेजलेलं मनगट सुटू द्यायचं नाही. पंजा लढवणं तर शाळेच्या बाकावरही चालायचं. महालातल्या आमच्या व्यायामशाळेत मी पहिल्यांदा ग्रिपर नेला, तेव्हा वस्तादांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "या चिमट्यानं पकड येते, तं मंग माती कायले खोदता बे?"

टोमणा रास्त होता, पण अर्धाच. पकडीचे प्रकार आहेत. जड वस्तू लटकती धरून ठेवायची पकड वेगळी, चिमटीची वेगळी आणि मूठ मिटवत आवळायची वेगळी. कळमन्याच्या बाजारात पोत्याचे कान धरून दिवसभर माल हलवणाऱ्या एका ओळखीच्या हमालाला मी नंबर १ दिला, तर पहिल्या झटक्यात बोटभर अंतर राहिलंच. त्याची बोटं वाकलेल्या अवस्थेत धरून ठेवण्यात तरबेज आहेत, पूर्ण मिटवण्याचं काम त्यांना कधी पडलेलं नाही. मी त्याचं पोतं उचलून पाहिलं नाही, हे इथे सांगून टाकतो.

आजच्या ग्रिपरची गोष्ट खरी सुरू होते अमेरिकेत. दोन दांड्या आणि मधे वेटोळ्याची स्प्रिंग, ही रचना तोवर घरोघरी होती, पण हलकी. १९६० च्या दशकात 'आयर्न मॅन' या व्यायामाच्या मासिकाने फार जड ग्रिपर विकायला काढले. मग १९८८ मध्ये रँडल स्ट्रॉसेन यांनी कॅलिफोर्नियात 'आयर्नमाइंड' कंपनी सुरू केली, आणि तिच्या 'कॅप्टन्स ऑफ क्रश' ग्रिपरना क्रमांक मिळाले. नंबर १ च्या पुढे नंबर २ म्हणजे १९५ पौंड, नंबर ३ म्हणजे २८०, नंबर ४ म्हणजे ३६५. १९९१ मध्ये रिचर्ड सोरिन यांनी नंबर ३ अधिकृतपणे मिटवला. नंबर ४ साठी १९९८ उजाडलं. तो जो किनी यांनी मिटवला. त्यानंतरही नंबर ४ चं प्रमाणपत्र मिळवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

मी थक्क झालो तो या वजनांनी नाही, क्रेडिट कार्डाच्या नियमाने. ग्रिपर एका हाताने मिटवायचा असला, तरी तो तळव्यात नीट बसवायला दुसरा हात वापरावा लागतो. याला सेट करणं म्हणतात. काही जण या बहाण्याने दुसऱ्या हातानेच ग्रिपर अर्ध्याहून जास्त मिटवत आणि उरलेलं थोडं अंतर एका हाताने पार करत. मग नियम आला की दुसरा हात काढल्यावर दांड्यांच्या टोकांमधून क्रेडिट कार्डाची रुंदी, म्हणजे सुमारे ५४ मिलिमीटर, आरपार गेली पाहिजे. तिथून पुढचं सगळं एका हाताने. पूर्ण उघडलेल्या ग्रिपरची टोकं एकमेकांपासून साधारण अडीच ते पावणेतीन इंचांवर असतात, तेव्हा या नियमाने किती सवलत कापली गेली ते लक्षात येईल. 'मी नंबर २ मिटवला' हे वाक्य सेट सांगितल्याशिवाय अपुरंच.

आता आकड्याकडे. ग्रिपरची स्प्रिंग पिळाची. दांडी जितकी आत जाईल तितका पिळाचा विरोध वाढत जातो. हा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. तार पाच टक्के जाड झाली तर स्प्रिंग सुमारे साडेएकवीस टक्के कडक होते. तार ओढताना केसभर फरक पडला, की एकाच नंबरचे दोन ग्रिपर हाताला वेगळे लागतात. एकाच खोक्यातला एक 'सोपा' आणि एक 'जड' निघतो, ते यामुळे. त्यात स्प्रिंग दांडीत किती खोल बसवली आहे हा आणखी एक घटक.

दुसरी गोष्ट तरफेची. वेटोळं वर, तर्जनीच्या बाजूला असतं आणि दांड्यांची टोकं खाली करंगळीकडे. टोकाशी दाबलं तर कमी जोर पुरतो, वर सरकलं तर जास्त लागतो. म्हणजे 'इतक्या पौंडांचा ग्रिपर' म्हणताना दांडीवर कुठे मोजलं, हेही सांगायला हवं. ते बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. 'हेवी ग्रिप्स' नावाच्या मालिकेत १०० पासून ३५० पर्यंत पन्नास-पन्नास पौंडांच्या सरळ पायऱ्या आहेत. दिसायला सुटसुटीत, पण तिथले २०० आणि आयर्नमाइंडचे १९५ शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

या वैतागातून अमेरिकेतल्या हौशी लोकांनी स्वतःचं माप काढलं आणि त्याला स्वतःचीच थट्टा करणारं नाव दिलं, 'रेडनेक गॅरेज कॅलिब्रेशन'. एक दांडी वाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्यात, घट्ट धरायची, दुसरीच्या टोकाला पट्टा अडकवून वजनं टांगत जायची, आणि दांड्या नेमक्या टेकल्या की वजन लिहून ठेवायचं. या पद्धतीने नंबर १ साधारण ३५ किलोला मिटतो, साडेत्रेसष्टला नाही. नंबर ३ चं रेटिंग १२७ किलो, तो मिटतो ६५ ते ७० च्या आसपास. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका मित्राचं लेथचं दुकान आहे. तिथल्या वाइसवर आम्ही माझा नंबर १ टांगून पाहिला आणि आकडा तिथेच आला. मग मोठ्या उत्साहाने फुटपाथवाला लावला. त्याची प्लास्टिकची दांडीच वाकायला लागली, तेव्हा तो नाद सोडला.

पण तो हलका का लागतो, हे दाबूनच कळतं. मुठीचा जोर सगळीकडे सारखा नसतो. बोटं फार उघडी असताना हात कमजोर, मधे सर्वांत बळकट, आणि पूर्ण मिटत आली की पुन्हा कमजोर. पिळाची स्प्रिंग मात्र शेवटच्या टप्प्यातच सर्वांत कडक असते. हात ढिला पडतो त्याच जागी ग्रिपर ताठ होतो, म्हणून शेवटचे पाच-सहा मिलिमीटर सगळ्यांना छळतात. चकतीच्या ग्रिपरची उघडीप कमी, आणि त्याच्या दांड्या टोकाला टेकतच नाहीत, आधीच अडतात. म्हणजे सुरुवातीची अडचणही गेली आणि शेवटचीही. उरला मधला सोपा भाग. लहान पंजा असलेल्याला उलट सुरुवातच अडते. रुंद उघडीपीच्या ग्रिपरवर त्याची करंगळी पोचतच नाही आणि तीन बोटांवर चौघांचं काम येतं.

पृष्ठभागाचंही तसंच. चांगल्या ग्रिपरच्या धातूच्या दांड्यांवर नर्लिंग असतं, म्हणजे हात सटकू नये म्हणून कोरलेली खरखरीत जाळी. लेथवाला मित्र बोट फिरवूनच म्हणाला, "बारीक मारलंय." पहिल्या आठवड्यात ते तळवा सोलतं. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला, की गुळगुळीत दांडी साबणासारखी सटकते आणि तेव्हा हेच नर्लिंग कामाला येतं. माझ्या अनुभवाने उन्हाळ्यातले आकडे नेहमी कमी भरतात, खडू लावूनही. शिवाय नवा ग्रिपर सुरुवातीच्या वापरात किंचित सैल होतो. ती आपली प्रगती समजू नये.

अलीकडे ही हौस वाढली त्याला एक वैद्यकीय कारणही आहे. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा अभ्यास आला. भारत त्यात होता. पकडीचा जोर दर पाच किलोंनी कमी, तर मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त, असा त्यातला निष्कर्ष. तिथे पकड मोजली होती डायनॅमोमीटरने, आणि ती पाहिली होती एकूण प्रकृतीची खूण म्हणून. ग्रिपर दाबून आयुष्य वाढतं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. ग्रिपरच्या जाहिरातींत मात्र हे दोन्ही बिनदिक्कत जोडलं जातं.

गेल्या महिन्यात सीताबर्डीवर त्याच फुटपाथवर पुन्हा थांबलो. आता तिथे चकतीवर १०० लिहिलेलाही आला आहे. दोन्ही हातात घेऊन दाबून पाहिले, फरक काही लागला नाही. विक्रेत्याला विचारलं, यातला जड कोणता? तो म्हणाला, "साठवाला घ्या नाहीतर शंभरवाला घ्या भाऊ, भाव एकच आहे."