बंबाला दिलेली देणगी आणि कराची वजावट

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. अशा आगीनंतर हळहळणाऱ्यांपैकी एखादा विचारतोच, अग्निशामक दलाला साहित्यासाठी पैसे दिले तर करात काही सुटतं का?

आपल्याकडे आग विझवणं हे दानधर्माचं काम कधी नव्हतंच. अमेरिकेतल्या कितीतरी गावांत स्वयंसेवकांची दलं वर्गणीवर चालतात, त्यामुळे तिथलं करखातं अशा देणगीला नाव घेऊन सवलत देतं. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची. १ मे १९६४ ला ती महापालिका झाली, आणि महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात अग्निशामक दल बाळगणं हे बंधनकारक कर्तव्यांत मोडतं. पुढे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने 'अग्निशमन सेवा' बाराव्या अनुसूचीत आली. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने इमारतींवर अग्निशमन शुल्कही बसवलं. थोडक्यात, बंबाचा खर्च आपण घरपट्टीतून आणि शुल्कातून आधीच भरतो. वर देणगी कोण देणार, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

म्हणूनच १९६१ च्या आयकर कायद्यातल्या, देणग्यांवर वजावट देणाऱ्या ८०जी कलमात आगीचा उल्लेख शोधून सापडत नाही. १ एप्रिल १९६८ पासून लागू झालेल्या या कलमात वाट आहे ती आडून: स्थानिक प्राधिकरणाला धर्मादाय कामासाठी दिलेली रक्कम. धर्मादाय शब्दाच्या व्याख्येत सार्वजनिक उपयोगाची कामं येतात, त्या आधाराने महापालिकेच्या अग्निशामक दलाचं काम त्यात बसतं.

सवलत मात्र अर्धीच. शिवाय ती करातून नव्हे, उत्पन्नातून वजा होते, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. १०,००० रुपये दिले तर वजावट ५,००० ची. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह वाचतात १,०४० रुपये. त्यालाही एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे.

आणखी एक मेख आहे. वजावट फक्त पैशाला मिळते, वस्तूला नाही. एखाद्या कारखानदाराने होज पाइप, शिडी किंवा अख्खा बंब घेऊन दिला, तर ८०जीच्या हिशेबात तो शून्य. रोखीचंही तसंच: २०१७-१८ पासून २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर वजावट नाही, म्हणजे चेक किंवा ऑनलाइनच. कंपन्यांनी सीएसआरमधून, म्हणजे कायद्याने सामाजिक कामांसाठी ठेवायला लावलेल्या पैशातून, खर्च केला तर तो धंद्याचा खर्च म्हणून धरला जात नाही, हे २०१४ सालीच स्पष्ट झालं.

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, आणि तिच्यात ८०जी नाही. जुनी प्रणाली मुद्दाम निवडणाऱ्यालाच आता हे १,०४० रुपये मिळतात.