शेणाचा गॅस चुलीवर, ढेकराचा हवेत

सावलीत रवंथ करत बसलेल्या गाईच्या गळ्याकडे जरा बघत राहा. चघळलेला घास गिळला की एक गोळा गळ्यातून खाली सरकतो, काही सेकंद तोंड थांबतं आणि मग तसाच एक गोळा खालून वर चढतो. हे चालू असतानाच, मिनिटाला साधारण एकदा, ती ढेकर देते. तो ऐकू येत नाही, कारण त्यातला बराचसा वायू आधी फुप्फुसात जातो आणि श्वासाबरोबर गुपचूप बाहेर पडतो. मोठी गाय अशा रीतीने दिवसाला २५० ते ५०० लिटर मिथेन सोडते. मागच्या बाजूने जातो तो अगदी थोडा. गाईच्या पादण्यावर जगभर विनोद झाले खरे, पण बिचारीवर आळ भलत्याच टोकाला आला.

गोबरगॅसच्या शेगडीवर निळ्या ज्योतीने जळतो तो हाच वायू. शेणाचा आपण टाकीत कोंडून चुलीपर्यंत आणला, ढेकराचा मात्र तसाच निसटतो. तो बनतो कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यात. गवत-कडब्यातलं सेल्युलोज गाईला स्वतःला पचवता येत नाही. कोठीपोटातले जिवाणू आणि बुरशी ते आंबवून देतात, आणि आंबताना हायड्रोजन सुटतो. तो साचत गेला तर आंबणंच अडेल. म्हणून आर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्याची कार्बन डायऑक्साइडशी गाठ घालून मिथेन तयार करतात. मिथेन हा कोठीपोटाचा सांडवा म्हणायचा. या सांडव्यातून खाल्लेल्या ऊर्जेचा २ ते १२ टक्के वाटा वाहून जातो, म्हणजे मालकाची वैरणही वाया जाते. हवेत मिथेन सुमारे १२ वर्षंच टिकतो. पण २० वर्षांच्या हिशेबात तो, वजनाला वजन, कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो.

सांडवा बुजवायचे उपाय निघाले आहेत. ३-एनओपी नावाची एक पूड आर्कियांच्या मिथेन बनवणाऱ्या शेवटच्या विकरालाच (एन्झाइमलाच) अडवते. दुभत्या गाईला दिवसाला पाव चमचा पुरते आणि मिथेन सुमारे ३० टक्के घटतो. युरोपीय संघाने तिला २०२२ मध्ये परवानगी दिली. ॲस्परॅगॉप्सिस या लाल समुद्री शैवालाने तर कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात घट ८० टक्क्यांच्या वर नेली. मात्र त्यातलं गुणकारी द्रव्य ब्रोमोफॉर्म, आणि ते जपूनच वापरावं लागतं. शिवाय चव न आवडल्याने जनावरं खाणं कमी करतात, ते वेगळंच. पुडीचीही एक अडचण आहे. पोटात ती काही तासांतच विरून जाते, तेव्हा घासाघासाबरोबर गेली पाहिजे. गोठ्यात बांधलेल्या, गव्हाणीत कालवलेलं खाणाऱ्या गाईला हे जमतं.

न्यूझीलंडची मेंढी मात्र वर्षभर डोंगरउतारावर चरते. तिच्या तोंडात रोज चमचा कोण घालणार?

या देशाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी जवळपास निम्मे शेती-पशुपालनातून येतात. २००३ मध्ये तिथल्या सरकारने संशोधनासाठी जनावरांमागे करपट्टी बसवायचं ठरवलं. शेतकऱ्यांनी तिला ‘पादण्यावरचा कर’ म्हणून झोडपलं आणि शेन आर्डर्न या खासदाराने चक्क ट्रॅक्टर संसदेच्या पायऱ्यांवर चढवला. पट्टी बारगळली. प्रश्न काही बारगळला नाही.

उत्तराचा एक धागा ॲगरिसर्च या सरकारी संशोधन संस्थेच्या कळपात सापडला. एकाच चाऱ्यावरच्या दोन मेंढ्या सारखा मिथेन सोडत नाहीत, आणि हा फरक कोकरांत उतरतो. मोजणीची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. ट्रेलरवर बसवलेल्या हवाबंद पेट्या थेट कुरणावर नेतात. एकेका पेटीत एकेक मेंढी शिरते, पाऊण-एक तास आत उभी राहते, आणि तेवढ्यात पेटीतला मिथेन किती वाढला ते यंत्र सांगतं. एकदा मोजून भागत नाही, काही दिवसांनी पुन्हा पेटी. मग कमी सोडणाऱ्यांना कमी सोडणारे नर लावायचे. सुमारे तीन पिढ्यांनंतर, किलोभर चाऱ्यामागे, ‘कमी’ कळपाचा मिथेन ‘जास्त’ कळपापेक्षा १० टक्क्यांहून अधिक घटला. या मेंढ्यांचं कोठीपोट लहान असतं, चारा लवकर पुढे सरकतो आणि आर्कियांना पुरेसा वेळच मिळत नाही. १० टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. मला हा उपाय पुडीपेक्षा पक्का वाटतो, कारण एकदा रक्तात उतरला की रोज काही खाऊ घालावं लागत नाही.

आपल्याकडे गोठा आहे, गव्हाणही आहे, पण त्या गव्हाणीत बहुतेक वेळा कडबा नाहीतर भाताचा पेंढा असतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींवर गाई-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी निघाल्या. दूध कमी आणि चारा चोथट, त्यामुळे लिटरमागे मिथेन जास्त. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केलं. त्याने १७ ते २० टक्के घट होते असं संस्था सांगते. त्याहून साधा मार्ग राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गावोगाव नेला. शिकवलेला माणूस टेपने गाईच्या छातीचा घेर मोजतो, त्यावरून वजन काढतो, घरात कोणती वैरण नि पेंड आहे ते लिहून घेतो. मग संगणक सांगतो: पेंड इतकी, हिरवा चारा इतका, खनिज मिश्रण इतकं. दूध थोडं वाढतं, खर्च उतरतो आणि लिटरमागे मिथेन घटतो. टेपवाल्याला मिथेनचं सहसा कुणी विचारत नाही. विचारतात ते फॅट किती लागेल, एवढंच.