झोंबी रूममध्ये बोलत राहा: छोट्या गटांसाठी माहितीपत्रक

बुकिंगच्या फोनवर सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: “आम्ही चौघंच आहोत, चालेल ना?” चालेल. झोंबी रूम ही आमची एस्केप रूम, म्हणजे बंद खोलीत कोडी सोडवत ठरल्या वेळात बाहेर पडायचा खेळ. त्यासाठी चौघं म्हणजे अगदी मापातली संख्या. तिघं किंवा पाच जणही चांगले. सहाच्या वर आम्ही कुणालाच आत सोडत नाही, कारण खोली अठरा फूट बाय बारा फूट आहे आणि सातवा माणूस भिंतीला टेकून दुसऱ्यांचा खेळ बघत राहतो. पैसे त्याचेही गेलेले असतात.

तरीही खेळ अर्धवट राहिला की बाहेर आल्यावर बरेच गट म्हणतात, “अजून दोघं असते तर सुटलो असतो.” हे आम्हाला पटत नाही. बाहेर कॅमेऱ्याच्या पडद्यावर आम्ही प्रत्येक खेळ पहिल्या मिनिटापासून बघत असतो. वेळ कुठे जातो ते तिथून स्वच्छ दिसतं, आणि तो जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी जातो. आत गेल्यावर माणसं बोलायची थांबतात. हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच छापलं आहे.

झोंबीला ऐकू येत नाही

कथा थोडक्यात अशी: एका औषध कंपनीची बंद पडलेली प्रयोगशाळा, मागच्या भिंतीला साखळीने बांधलेला झोंबी, आणि बाहेर पडायला ६० मिनिटं. सुरुवातीला झोंबीची पोच चार फुटांपर्यंत असते. दर दहा मिनिटांनी घंटा होते आणि साखळी दोन फूट सुटते. पन्नासाव्या मिनिटाला त्याची पोच चौदा फुटांवर गेलेली असते आणि दाराकडची चार फुटांची पट्टी तेवढी तुमच्यासाठी उरते.

(पुण्यातल्या १८९७च्या प्लेगवर कथा बेता, असं काही जणांनी सुचवलं होतं. आम्ही ते केलं नाही आणि करणारही नाही. तेव्हा गेलेली माणसं खरी होती, आणि त्यांची घरं अजून या शहरात आहेत.)

झोंबी आवाजाच्या दिशेने येतो हे सिनेमांमुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. त्यामुळे दार लागलं की गट कुजबुजायला लागतो. कुणी ओठांवर बोट ठेवतं, कुणी खुणेने चल-चल करतं. आमच्या खोलीत याचा काडीइतकाही उपयोग नाही. हैतीतल्या जुन्या लोकसमजुतीत झोंबी कुणाला चावत नाही. कुणाच्या तरी हुकमावर राबणारं ते प्रेत असतं. माणसांच्या मागे धावणारा झोंबी ही पुढे सिनेमाने घातलेली भर. आमचा झोंबीही हुकमाचाच ताबेदार आहे, आणि हुकूम घंटेचा असतो. तुम्ही ओरडलात म्हणून घंटा लवकर होत नाही आणि श्वास रोखून उभे राहिलात म्हणून ती लांबत नाही. भिंतींना आतून आवाज शोषणारं अस्तर आहे, शेजारच्या दुकानांपर्यंत काही जात नाही. तेव्हा मोकळ्या गळ्याने बोला.

गप्प राहिल्याने नेमकं काय होतं

पुढचं उदाहरण आमच्या खोलीतलं नाही, उगाच कोडं फुटायला नको. पण घडतं ते हुबेहूब असं. एकीला टेबलाखाली तीन रंगीत झाकणांच्या बाटल्या सापडतात. तिला त्यांचा अर्थ लागत नाही, म्हणून ती त्या परत ठेवून देते. दुसरा भिंतीवरचा तक्ता वाचत असतो. त्यावर त्याच तीन रंगांसमोर आकडे आहेत, पण बाटल्या आहेत हे त्याला माहीतच नाही. तिसरा तीन आकड्यांच्या कुलपाशी बसून ००० पासून एकेक आकडा लावून बघतोय. चौथा झोंबीकडे तोंड करून भिंतीला चिकटलेला. कोड्याचे तिन्ही भाग खोलीत, तिघांच्या हाताशी, आणि सात-आठ मिनिटं कुणीच कुणाला काही सांगत नाही. तेवढ्यात घंटा होते, झोंबी टेबलापर्यंत पोचतो, आणि आता त्या बाटल्या काढायला कुणी धजावत नाही.

छोट्या गटाला हे जास्त नडतं. सहा जणांत एखादा तरी आपसूक बडबड्या निघतो आणि त्याच्या बडबडीने काम होऊन जातं. तिघा-चौघांत एक जण गप्प झाला की पाव खोली अंधारात गेल्यासारखी होते.

म्हणून एकच सवय लावून घ्या: जे दिसेल ते बोला, अर्थ लागो न लागो. आणि नुसतं “सापडलं!” म्हणू नका. काय, कुठे, आणि त्यावर काय, असं तिन्ही सांगा. “निळ्या झाकणाची बाटली, टेबलाखाली, चार रेघा ओढल्यात.” ऐकणाऱ्याने ते एकदा परत म्हणावं, म्हणजे पोचलं हे कळतं. नीट सांगितलेलं वाक्य चार सेकंदांचं असतं. ऐकताना ते बावळटपणाचं वाटेल, विशेषतः पहिली पाच मिनिटं. वाटू द्या. जे गट वेळेत बाहेर पडतात त्यांचे आवाज मागाहून ऐकले तर भाजी मंडईत उभं आहोत असं वाटतं.

मधल्या स्टीलच्या टेबलावर सापडलेली प्रत्येक वस्तू आणून ठेवा, खिशात किंवा मुठीत ठेवू नका. उघडलेल्या कुलपाची किल्ली त्याच कुलपात राहू द्या. आमच्याकडे एक किल्ली दोनदा लागत नाही. आणि काहीही जोर लावून उघडायचं नाही. छताला, विजेच्या बटणांना आणि पिवळी पट्टी लावलेल्या वस्तूंना हात लावायची गरज कधीच पडणार नाही.

झोंबीवर नजर ठेवायला एक जण नेमा, पण त्यानेही तोंड बंद ठेवायचं नाही. “तो उजवीकडे सरकला, कपाट मोकळं आहे” हे त्याने सांगितलं की बाकीचे तिघं पाठ वळवून काम करू शकतात. प्रत्येक घंटेला हा राखणदार बदला. एकच माणूस तासभर झोंबीकडे बघत राहिला तर तो दमतो, आणि त्याच्या डोक्याचा उपयोगही तुम्हाला होत नाही.

झोंबीने शिवलं तर

विषामृत खेळला असालच. तसंच काहीसं. झोंबीचा हात लागला की दोन मिनिटं लाल बाकावर बसायचं, कशालाही हात लावायचा नाही. बोलायला मात्र पूर्ण मुभा आहे, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. बाद झालो असं समजून ते हिरमुसून बसतात. प्रत्यक्षात त्या बाकावरून सगळी खोली दिसते. बसल्या जागेवरून बाकीच्यांना दिशा द्या. बाक तिथेच ठेवण्यामागे आमचा हाच हेतू आहे.

कुटुंब, ऑफिस आणि मित्रमंडळी

ऑफिसचे गट आले की एक गोष्ट हमखास दिसते. कनिष्ठ मुलीला किल्ली सापडलेली असते, पण सर आधी काही बोलतील म्हणून ती थांबते. सासरे-जावई एकत्र आले की तेच. आत पाऊल टाकण्याआधी, गटातल्या सर्वांत मोठ्या माणसाने हे स्पष्ट सांगून टाकावं की आत कुणी कुणाची वाट बघायची नाही. गेम मास्टरने, म्हणजे बाहेरून खेळ चालवणाऱ्या आमच्या माणसाने, सांगण्यापेक्षा त्यांनी सांगितलेलं जास्त लागू पडतं.

मुलांच्या बाबतीत उलट होतं. दहा-बारा वर्षांची मुलं न लाजता सगळं मोठ्याने सांगतात, आणि मोठी माणसं त्यांना “थांब जरा, बघू दे” म्हणतात. कृपया असं करू नका. खालच्या कप्प्यातल्या वस्तू मुलांच्याच नजरेला आधी पडतात. दहा वर्षांखालच्या मुलांना आम्ही या खोलीत घेत नाही. शेजारच्या खजिन्याच्या खोलीत झोंबी नाही, ती लहानांसाठी चांगली आहे.

सुगावा लागत नसेल तर वॉकी-टॉकीवर मागा. सुगाव्यांना मर्यादा नाही आणि त्यासाठी वेळ कापला जात नाही. पन्नासाव्या मिनिटाला पहिला सुगावा मागणाऱ्या गटाला आम्ही फारशी मदत करू शकत नाही, विसाव्या मिनिटाला मागणाऱ्याला करू शकतो.

दोघंच असाल तर

दोघांना आम्ही घेतो. त्यांच्यासाठी घंटा दहाऐवजी बारा मिनिटांनी होते, म्हणजे एक घंटा कमी. शनिवार-रविवारी मात्र दोघांना तिघांचे पैसे भरावे लागतात, आणि यावर आमच्याशी वाद होतात, म्हणून कारण सांगतो. दोघं आले तरी झोंबी एक लागतो, गेम मास्टर एक लागतो, आणि खेळानंतर खोली पुन्हा मांडायला तेवढाच वेळ जातो. अनोळखी माणसं तुमच्या गटात घालून आम्ही ती जागा भरू शकतो. पण आम्ही तसं कधीच करत नाही. नवख्या माणसांसमोर तुम्ही मोकळेपणी ओरडणार नाही, आणि मग सगळाच खेळ कुजबुजीत जातो. मंगळवार, बुधवार आणि शुक्रवारी दुपारी चारच्या आतल्या खेळांना ही अट नाही. कॉलेजच्या मुलांनी या वेळा बघाव्यात; दरही तेव्हा कमी असतो.

तसं पाहिलं तर हा खेळ रुजला तोच थोड्या माणसांचा म्हणून. २००७ साली जपानमधल्या क्योतो शहरात ताकाओ कातो यांनी खऱ्या जागेत खेळायचा असा खेळ पहिल्यांदा मांडला. २०११मध्ये बुडापेस्टला तो मोजक्या माणसांच्या गटासाठी बंद खोलीत आला आणि तिथून युरोपभर पसरला. मोठा गट आणायचाच असेल तर दोन खोल्या एकाच वेळी घ्या आणि कोण आधी सुटतंय ते बघा. कंपन्यांना हे फार आवडतं.

दार खरोखर बंद असतं का?

नाही. घोषणा होते, कडी वाजल्याचा आवाज येतो, पण दाराला लोखंडी कुलूप नाही. चुंबकी लॉक आहे, आणि दाराशेजारचं हिरवं बटण दाबलं की ते लगेच सुटतं. वीज गेली तरी ते आपोआप सुटतं, कारण विजेशिवाय त्यातला चुंबक धरूच शकत नाही. “मग भीती कसली?” असं काही जण जरा नाराजीने विचारतात. पोलंडमधल्या कोशालिन शहरात ४ जानेवारी २०१९ रोजी एका एस्केप रूममध्ये आग लागली. वाढदिवस साजरा करायला आलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली आतच अडकल्या आणि गेल्या. त्यानंतर तिथल्या सरकारने देशभरातल्या एस्केप रूम तपासायला घेतल्या. ही बातमी माहीत असलेल्या कुणीही ग्राहकाला खऱ्या कुलपाच्या मागे ठेवू नये, असं आमचं ठाम मत आहे. आमच्याकडे जळता दिवा, मेणबत्ती, गॅसचा हीटर, धुराचं यंत्र यातलं काहीही नाही. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं गुरुवारी निघतात, म्हणून आम्ही गुरुवारी बंद असतो.

खेळ मध्येच थांबवायचा असेल तर “दिवा, दिवा” असं ओरडा. “थांबा” हा शब्द आम्ही मुद्दाम ठेवला नाही, कारण गोंधळात तो तुम्ही एकमेकांना सारखा म्हणत असता. “दिवा” ऐकलं की गेम मास्टर सगळे दिवे लावतो आणि झोंबी जागच्या जागी खाली बसतो. शिवाय त्या हिरव्या बटणाने कुणीही एकटं बाहेर पडू शकतं, बाकीच्यांचा खेळ चालू राहतो. फिट येण्याचा त्रास, हृदयाचा विकार, दमा किंवा गरोदरपण असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. खोलीत दोन ठिकाणी लुकलुकणारा दिवा आहे. त्याने काहींना फिट येऊ शकते, आधी कळलं तर आम्ही तो बंद ठेवतो.

झोंबी होणारी मुलं नाटकातली आहेत. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी करून आलेली, कष्टाळू मुलं. ती तुम्हाला खांद्यावर किंवा दंडावर बोटं टेकवण्यापलीकडे हात लावत नाहीत. तुम्हीही त्यांना ढकलू नका, लाथ मारू नका, त्यांची साखळी ओढू नका. घाबरून झालं तर आम्ही समजू शकतो. मुद्दाम केलं तर खेळ तिथेच थांबतो आणि पैसे परत मिळत नाहीत.

येताना

वेळेच्या पंधरा मिनिटं आधी या. उशीर झाला तर तेवढा वेळ तुमच्या ६० मिनिटांतून जातो, कारण पुढचा गट वेळेवर आलेला असतो. उंच टाचांच्या चपला नकोत. साडी चालेल, पदर खोचून घ्या. खाली वाकावं लागतं. फोन आणि पिशव्या बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवायच्या, खेळ संपल्यावर झोंबीसोबत फोटो आम्हीच काढून देतो. खेळायचं नसलेल्या आजी-आजोबांना बाहेर पडद्यावर सगळं बघता येतं, ऐकताही येतं, आणि चहा आमच्याकडून. वाढदिवस असेल तर त्याच बाहेरच्या खोलीत अर्धा तास केकसाठी मिळतो, वेगळे पैसे लागत नाहीत.

माणशी दर शनिवार-रविवारी ७०० रुपये आणि मधल्या वारांना ५५० रुपये, करासहित. खेळ मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आहे. खोलीतल्या चिठ्ठ्या आणि ध्वनिफिती त्या भाषेप्रमाणे आधी बदलून ठेवाव्या लागतात. म्हणून गटात किती जण आहेत, सर्वांत लहान किती वर्षांचं आहे आणि भाषा कोणती हवी, हे तिन्ही बुकिंग करतानाच कळवा.