निद्रानाश: सुरू होण्याचं कारण एक, टिकण्याचं दुसरं

झोप येत नाही म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, 'कसलं टेन्शन आहे का?' प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. परीक्षा तोंडावर आली, घरात आजारपण आलं, नोकरी गेली की काही रात्री झोप उडतेच. संकट सरलं की बहुतेकांची झोप आपोआप ताळ्यावर येते. काहींची मात्र येत नाही. मूळ कारण केव्हाच निघून गेलेलं असतं, तरी रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे. मग त्यांना जागं ठेवतं ते काय?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली निद्रानाशाच्या कारणांची तीन भागांत मांडणी केली. या विषयात इतका उपयोगी विचार मला दुसरा दिसत नाही. पहिला भाग जन्मजात प्रवृत्तीचा: काहींची झोप मुळातच सावध, जरा खुट्ट झालं की उडणारी. दुसरा निमित्ताचा: आजार, वियोग, बाळंतपण, कामाचा ताण. तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा. गेलेली झोप भरून काढण्यासाठी माणूस जे करतो, तेच निद्रानाशाला पोसत राहतं. रात्री लवकर आडवं व्हायचं, सकाळी उशिरापर्यंत लोळायचं, दुपारी डोळा लागतो का पाहायचं, सुट्टीच्या दिवशी अंथरूण सोडायचंच नाही. हे सगळं शहाणपणाचंच वाटतं, आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षं चालू राहतं.

ते अंगावर का उलटतं, हे झोपेच्या यंत्रणेत डोकावलं की कळतं. झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार दोन गोष्टी जुळून आल्या की झोप लागते. एक म्हणजे झोपेची ओढ. आपण जागे असताना मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जागरण जितकं लांब, तितकी ओढ जास्त. झोपेत ती ओसरते. दुसरी गोष्ट जैविक घड्याळ. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस भागात पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो दिवस-रात्र ओळखतो, अंधार पडल्यावर शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू देतो आणि शरीराचं तापमान हळूहळू उतरवतो. दुपारी दीड तास झोपलेल्या माणसाची ओढ रात्रीपर्यंत पुरेशी साठलेलीच नसते. सकाळी उशिरापर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहणाऱ्याचं घड्याळ मागे पडत जातं. असा माणूस रात्री साडेनऊला दिवा मालवतो, तेव्हा ना ओढ तयार असते ना घड्याळ.

त्यात मेंदूला लागलेल्या सवयीची भर पडते. रात्रीमागून रात्री अंथरुणात तळमळत काढल्या की मेंदू अंथरुणाची सांगड जागेपणाशी घालतो. सोफ्यावर पेंगणारा माणूस उशीला डोकं टेकताच खडबडून जागा होतो, तो यामुळेच. घड्याळाकडे पाहून 'आता लागली तरी चारच तास मिळतील' असा हिशेब सुरू झाला की छातीचे ठोके वाढतात. झोप प्रयत्नाने आणता येत नाही. प्रयत्न हेच जागेपणाचं काम आहे.

आठवड्यातून किमान तीन रात्री झोप बिघडली, आणि असं किमान तीन महिने चाललं, तर तो दीर्घकालीन निद्रानाश. त्यासाठी प्रौढांना गोळ्यांच्या आधी संज्ञानात्मक वर्तन उपचार, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारे उपचार द्यावेत, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली. या उपचारांचा गाभा ऐकायला विचित्र वाटतो: अंथरुणातला वेळ कमी करा.

समजा, कुणी रात्री दहा ते सकाळी सात अंथरुणात असतो, पण दोन आठवडे नोंद ठेवल्यावर दिसतं की प्रत्यक्ष झोप सरासरी साडेपाच तास आहे. त्याने उठण्याची वेळ पक्की करायची, समजा साडेसहा, आणि रात्री एकच्या आधी आडवं व्हायचं नाही. दुपारची झोप बंद. पहिला आठवडा फार जड जातो, हे आधीच सांगायला हवं. पण साठलेली ओढ कामाला लागते आणि तुटक झोप सलग होऊ लागते. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ ते ९० टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं वाढवायची. हा वेळ पाच तासांच्या खाली मात्र नेत नाहीत. अपस्मार (फिट येणं) किंवा बायपोलर विकार असलेल्यांनी, तसंच वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

याच्या जोडीला मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला नियम: डोळे मिटू लागले तरच अंथरुणावर जायचं आणि झोप लागत नाही असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत जायचं. तिथे मंद उजेडात काहीतरी शांतपणे करत बसायचं. पेंग आली की परतायचं. एका रात्रीत चार वेळा उठावं लागलं तरी चालेल. घड्याळ नजरेआड ठेवावं.

बाकीच्या सूचना परिचयाच्या आहेत. सकाळी उघड्यावरचा उजेड घ्यावा. कॉफीतलं कॅफीन अॅडेनोसिनची जागा अडवतं आणि त्यातलं निम्मं शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून ती दुपारनंतर नको. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. या सवयी चांगल्याच, पण जुना निद्रानाश नुसत्या त्यांनी हटत नाही. सगळं पाळूनही गुण येत नाही म्हणून खचलेल्यांना वरचे दोन उपाय कुणी सांगितलेलेच नसतात, याचं वाईट वाटतं.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, रात्री पायांत होणारी अस्वस्थ चुळबुळ, थायरॉइडचा त्रास, जुनं दुखणं किंवा नैराश्य असेल, तर आधी त्याची तपासणी हवी. पायांच्या चुळबुळीमागे अनेकदा लोहाची कमतरता निघते. स्टेरॉइडसारखी काही औषधंही झोप उडवतात. झोपेच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर त्या एकदम थांबवू नयेत. तसं केल्यास झोप आणखी बिघडते, शिवाय काही गोळ्यांच्या बाबतीत फिटचे झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी. त्याच काळात हे उपचारही चालू असले तर गोळी सोडणं सोपं जातं.