‘ला दोन्ना देल्ला दोमेनिका’ मागवण्याआधी एवढं वाचा

आमच्या यादीत हा १९७५चा इटालियन चित्रपट ‘खून आणि विनोद’ या रकान्यात आहे. पण निव्वळ रहस्यपट म्हणून मागवलात, तर तुमची मंडळी पहिल्या अर्ध्या तासातच चुळबुळायला लागतील. खुनी कोण हे शेवटी कळतंच. खरी मजा आहे ती तुरिनमधल्या श्रीमंतांच्या बोलण्याचालण्यात.

तुरिन म्हणजे उत्तर इटलीतलं, फियाट कंपनीचं शहर. तिथे गारोने नावाच्या आंबटशौकीन आर्किटेक्टचा खून होतो. त्याच्यासाठी हळहळणारं कुणी फारसं नाही. पंचाईत होते ती आन्ना कार्लाची, एका उद्योगपतीच्या बायकोची. मित्र मास्सिमोला लिहायला घेतलेल्या आणि मग टाकून दिलेल्या एका चिठ्ठीत तिने ‘या गारोनेचा काटा काढायला हवा’ अशा अर्थाचं थट्टेने लिहिलेलं असतं. कामावरून काढलेले नोकर ती चिठ्ठी थेट पोलिसांकडे पोचवतात! ‘बोस्टन’चा उच्चार कसा करावा यावरून मैत्रीत रुसवेफुगवे होणारी ही माणसं, आणि समोर चौकशीला आलेला सांतामारिया हा पोलीस अधिकारी. बड्यांच्या दिवाणखान्यात त्याची होणारी अदबशीर कुचंबणा मार्चेल्लो मास्त्रोयान्नीने जवळजवळ नुसत्या नजरेने दाखवली आहे. त्यात संशयित बाई त्याला आवडायला लागलेली. ती भूमिका जॅकलीन बिसेटची, तर मास्सिमो झाला आहे ज्याँ-लुई त्रँतिन्याँ.

मूळ कादंबरी १९७२ची. कार्लो फ्रुत्तेरो आणि फ्रांको लुचेंतिनी यांनी ती जोडीने लिहिली. पटकथाही आजे आणि स्कार्पेल्ली या जोडीचीच. दिग्दर्शक लुइजी कोमेंचिनी, संगीत एन्निओ मोरिकोने यांचं. बालोन या जुन्या बाजारातला भाग आमचा सगळ्यात आवडता. तिथे काय घडतं ते इथे सांगत नाही.

आता थोडं अवघड. खुनाचं हत्यार म्हणजे पुरुषाच्या अवयवाच्या आकाराची दगडी वस्तू आहे, आणि तिच्यावरून बरेच विनोद होतात. म्हणून गणपतीत, मुलंबाळं समोर बसवून सोसायटीच्या आवारात हा चित्रपट लावू नका. अध्यक्षांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. मास्सिमोचं एका तरुणावर प्रेम आहे. त्या काळाच्या मानाने ते नातं बऱ्याच समजुतीने रंगवलं आहे, असं आमचं मत.

ओठांची हालचाल आणि आवाज काही ठिकाणी जुळत नाहीत. लगेच आमच्या मशीनवाल्या पोराला हाक मारू नका. इटलीत तेव्हा संवाद चित्रीकरणानंतर ध्वनिमुद्रित करायची सर्रास पद्धत होती, आणि इथले दोन मुख्य कलाकार तर इटालियनही नाहीत. संवाद भरभर येतात, खालची अक्षरं वाचावी लागतात; त्यामुळे पडदा भिंतीवर जरा वर बांधून घ्या, नाहीतर मागच्या रांगेला पुढच्यांची डोकीच दिसतील. लांबी साधारण पावणेदोन तास. जेवणं आधी उरकून घ्या, कारण मध्ये थांबवला की कोण कुणाचा कोण ते पुन्हा सांगत बसावं लागतं.