लक्ष्यनिष्ठ शीघ्र उपचार (सेप्सिस)

सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयव बिघडू लागलेल्या) रुग्णाला अतिदक्षता विभागात जागा मिळेपर्यंत न थांबता, तातडीच्या विभागातच पहिल्या सहा तासांत रक्ताभिसरणाची ठरावीक मापे गाठून देण्याची पद्धत. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर तिला ‘ईजीडीटी’ म्हणतात. डिट्रॉइट येथील हेन्री फोर्ड रुग्णालयातील तातडीच्या वैद्यकाचे तज्ज्ञ इमॅन्युएल रिव्हर्स व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधून ती मांडली.

पद्धतीचे जनकत्व रिव्हर्स यांना दिले जाते, ते अर्धेच खरे. ऊतींना पोहोचणारा प्राणवायू नेहमीच्या पातळीपेक्षाही वर न्यावा, हा विचार शल्यरुग्णांसाठी विल्यम शूमेकर यांनी साधारण १९८० च्या दशकात पुढे आणला. अतिदक्षता विभागात त्याची परीक्षा झाली, तेव्हा १९९४ च्या एका ब्रिटिश चाचणीत डोब्युटामीन (हृदयाचे आकुंचन वाढवणारे औषध) चढवत नेलेल्या गटात उलट जास्त मृत्यू झाले. १९९५ मध्ये गॅटिनोनी यांच्या ७६२ रुग्णांच्या इटालियन चाचणीत फायदा दिसला नाही. यावरून लक्ष्येच चुकीची असे काहींनी मानले. वेळ चुकली, असे रिव्हर्स यांचे म्हणणे. मध्यवर्ती (हृदयाजवळच्या मोठ्या) शिरेतील रक्ताची प्राणवायू-संपृक्तता, म्हणजे प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचे प्रमाण, सतत मोजणारा कॅथेटर (बारीक नळी) त्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी हृदयक्रिया थांबलेल्या रुग्णांत वापरला होता. तेच साधन येथे आले.

रिव्हर्स यांच्या चाचणीत (१९९७–२०००) २६३ रुग्ण होते. दाहाच्या चार निकषांपैकी (शरीराचे तापमान, नाडी, श्वसनाचा वेग, पांढऱ्या पेशी) किमान दोन हवेत. शिवाय किलोमागे २० ते ३० मिलि. द्रव अर्ध्या तासात देऊनही वरचा रक्तदाब ९० मिमी. किंवा खाली, अथवा रक्तातील लॅक्टेट (ऊतींना प्राणवायू कमी पडल्यावर वाढणारे द्रव्य) ४ मिलिमोल प्रति लिटर किंवा अधिक. पुढचा क्रम असा : मध्यवर्ती शिरादाब ८ ते १२ मिमी. होईपर्यंत दर अर्ध्या तासाला ५०० मिलि. सलाईन; सरासरी रक्तदाब ६५ च्या खाली असल्यास वाहिनीसंकोचक औषध; संपृक्तता ७० टक्क्यांखाली राहिल्यास हेमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा) ३० टक्के होईपर्यंत रक्त; तरीही न वाढल्यास डोब्युटामीन, मिनिटाला किलोमागे २·५ मायक्रोग्रॅमपासून, जास्तीत जास्त २० पर्यंत. नाडी १२० च्या वर गेली की मात्रा कमी. रुग्णालयातील मृत्यू नेहमीच्या उपचारांत ४६·५ टक्के, नव्या पद्धतीत ३०·५ टक्के. तीन दिवसांचा एकूण द्रव दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता. फरक पहिल्या सहा तासांतला : नव्या पद्धतीत ५ लिटर, नेहमीच्या उपचारांत ३·५ लिटर.

आकडा चुकतो तो बहुधा मोजणीतच. दाबमापी हृदयाच्या उजव्या कर्णिकेच्या पातळीपेक्षा १० सेंमी. खाली टांगला, तर शिरादाब सुमारे ७ मिमी. जास्त दिसतो, ३ चा रुग्ण १० चा भासतो आणि द्रव अकाली थांबतो. शिवाय शिरादाब बरोबर मोजला, तरी आणखी द्रवाला हृदय प्रतिसाद देईल की नाही, हे त्यावरून नीट कळत नाही. संपृक्ततेचेही तसेच. ऊतींना प्राणवायू वापरताच येत नसेल, तर ती ७० च्या वर असूनही रुग्ण धोक्यात असू शकतो.

२००४ च्या ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या मार्गदर्शिकेने पद्धत स्वीकारली. नंतर तीन मोठ्या चाचण्या झाल्या : अमेरिकेतील प्रोसेस (१,३४१ रुग्ण, २०१४), ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील अराइझ (१,६००, २०१४) व इंग्लंडमधील प्रॉमिस (१,२६०, २०१५). तिन्हींत नेहमीच्या उपचारांपेक्षा मृत्यू कमी झाले नाहीत. कारणांबद्दल मतभेद आहेत. मूळ चाचणी एकाच केंद्रातली, म्हणून निकाल फुगला असावा, असे एक मत. रिव्हर्स यांच्या रुग्णांत सुरुवातीची संपृक्तता सुमारे ४९ टक्के होती, प्रोसेसमध्ये ७१. नव्या चाचण्यांतील रुग्णांना गटवाटणीआधीच दोनेक लिटर द्रव व प्रतिजैविके मिळालेली होती, हे दुसरे. दुसरे अधिक पटते : तुलनेचा ‘नेहमीचा उपचार’ तोवर बराचसा ईजीडीटीसारखाच झाला होता. शिवाय जोन्स यांच्या ३०० रुग्णांच्या चाचणीत (२०१०) लॅक्टेटची घट पाहणे संपृक्ततेपेक्षा कमी पडले नाही.

कृत्रिम श्वासोच्छ्वास व अतिदक्षतेची सोय तोकडी असलेल्या ठिकाणी चित्र वेगळे आहे. झांबियातील चाचणीत (२०१७) द्रव, वाहिनीसंकोचक व रक्त यांचा शीघ्र क्रम पाळलेल्या गटात ४८·१ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के रुग्ण दगावले. त्यांतील बहुसंख्य एचआयव्हीबाधित होते. भारतीय जिल्हा रुग्णालयांपुढचा प्रश्न डिट्रॉइटपेक्षा याच्या अधिक जवळ जातो.